काठीतलं इलॅस्टिक

४ मार्च, मंगळवार

मापांच्या वहीत शेवटची चाळीसेक पानं कोरी आहेत. जानेवारीत दुकान बंद केलं तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं, पण वही कोण घेणार? आता इथे लिहितो.

आज उठायला दहा वाजले. काल साडेदहा. घरी आणलेल्या मशीनवर चादर टाकली आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. मला त्याचं काही वाटत नाही. एकतीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, माणूस थकणारच. लेक फोनवर विचारते, "बाबा, दिवसभर काय करता?" मी म्हणतो, आराम. मग ती आईशी बराच वेळ बोलते. आई दार लोटून घेते.

संध्याकाळी ही तिच्या गळाच्या काठ्यांची पिशवी घेऊन आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे. तळ्याच्या ओल्या पायरीवरून घसरली त्याला तीन आठवडे झाले. पिशवी डाव्या हाताने टेबलावर ठेवली, म्हणजे आपटलीच.

"अहो, तीस तारखेला निवड आहे."

"कसली?"

"क्लबच्या संघाची. पहिल्या पाचांत आले तर वर्षभर संघात. नऊ वर्षं आहे मी."

मला सहा वाटत होती.

"प्लॅस्टर चोवीसला निघेल, पण मनगटात जोर नसणार. नेहमीचं इलॅस्टिक चालायचं नाही, मऊ घालावं लागेल. दोन काठ्यांना. तुम्ही घाला."

मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतं?

"एकतीस वर्षं नेफ्यात घातलंत, आणि इलॅस्टिक कळत नाही म्हणता?"

मी म्हणालो, बघू. पिशवी तिने टेबलावरच राहू दिली.

५ मार्च, बुधवार

दुपारी हिने समजावून सांगितलं. काठी म्हणजे एकात एक बसणाऱ्या काळ्या नळ्या. दोरा गुंडाळायचं चाक नाही. दोरा थेट टोकाला. इलॅस्टिक वरच्या दोन नळ्यांच्या पोटातून जातं, खाली बुचाला बांधलेलं, वर टोकातून जरासं बाहेर. त्या बाहेरच्या टोकाला एक छोटी कडी, कडीला दोरा, दोऱ्याला गळ. मासा पळाला की इलॅस्टिक काठीतून ओढलं जातं. तो जितका लांब जाईल तितकं ते त्याला मागे बोलावतं.

"म्हणजे दोघांची ओढाताण."

"ओढाताण नाही. त्याला जाऊ द्यायचं. जाऊन जाऊन तो दमतो आणि आपल्या पायांनी परत येतो."

"माशाला पाय?"

"तुम्ही ना, शब्दाला धरून बसता."

इतकी वर्षं पहाटे काठ्यांचा आवाज ऐकून मी कूस बदलत आलो. त्यांच्या पोटात काय आहे हे कधी विचारलं नाही. सांगताना तिचा डावा हात हवेत मासा आणि काठी दोन्ही होत होता. मी मध्येच ऐकायचं सोडून हाताकडेच बघत राहिलो.

७ मार्च, शुक्रवार

सामान आणायला गळवाल्याकडे गेलो. बुटका, बडबड्या माणूस. दुकान म्हणजे एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खुंट्या. हिला ताई म्हणतो, म्हणून मी भाऊजी.

"भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेता? ताईंना म्हटलं होतं, काठ्या पाठवा, अर्ध्या तासात करून देतो. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्या सगळ्या मीच करतो. पण ताई म्हणाल्या, तू यात पडू नकोस."

मऊ इलॅस्टिक, टोकात बसवायच्या दोन गुळगुळीत पांढऱ्या नळ्या, दोन बुचं, बारीक पॉलिश कागद, आत सरकवायची लांब तार. इलॅस्टिक बोटांत ताणून पाहिलं. धाग्याइतकं बारीक, पण चिवट. माल चांगला आहे.

येताना विचार करत होतो. ही आपली काठी कुणाच्याही हाती देत नाही, हे बरोबरच आहे. चांगलं कापड माणूस वाटेल त्या शिंप्याला देतो का?

८ मार्च, शनिवार

आज टोक कापलं.

काठीचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. पांढरी नळी आत बसेल इतकी जागा होईपर्यंत कापत यायचं. कमी कापलं तर नळी बसत नाही, जास्त कापलं तर ती सैल होते आणि काठी गेली. कापड चुकलं तर जोड देता येतो. इथे जोड नाही.

सकाळी नऊला बसलो. काळ्या नळीवर खडू उमटेना, म्हणून पांढरा दोरा गुंडाळून खूण केली. चिरफळी उडू नये म्हणून चिकटपट्टी लावली. ही समोर बसली होती, पण एकदाही म्हणाली नाही की असं करा. मी करवत ठेवली, उचलली, ठेवली.

"भीती वाटते?"

"मापं तुझी नाहीत, भीती वाटणारच. तुझी मापं मला तोंडपाठ आहेत."

"होती. आता फुगलीत."

चार वेळा थोडं थोडं कापलं. चौथ्या वेळी नळी आत जाऊन बसली. मग कडा घासल्या. आत किंचितही खर, म्हणजे खडबडीत कण, राहिली तर इलॅस्टिक तिथेच झिजतं आणि नेमका मोठा मासा असताना तुटतं. खर बोटाला कळत नाही. मी रेशमाची चिंधी मागितली, कारण रेशीम न दिसणाऱ्या खरेलाही अडकतं. चिंध्यांची पिशवी मी कचऱ्यात दिली होती असं मला पक्कं आठवत होतं. हिने ती पलंगाखालून काढून दिली.

चिंधी तीनदा अडकली. मी तीनदा घासलं. चौथ्यांदा ती सरळ निघाली. तेव्हा दीड वाजला होता, आणि जेवायचं राहिलं होतं दोघांचंही.

११ मार्च, मंगळवार

दुसऱ्या काठीचं टोकही काल कापून झालं. आज इलॅस्टिक ओवायला मला दहा मिनिटं लागली. नेफ्यात ओवतात तसंच, फक्त सेफ्टी पिनेऐवजी तार. ही म्हणाली, "मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली होती." बरं वाटलं.

लांबीही मीच ठरवली. नियम हाताला माहीत आहे: जितकी कंबर, त्याला पाऊण इलॅस्टिक. दोन्ही काठ्यांत तसंच कापून बांधलं. कडी ओढून सोडली तर चाबकासारखी आत गेली. काय ताण होता! बघून समाधान वाटलं.

ही तेव्हा लेकीशी फोनवर होती. येऊन एकदा ओढून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "शनिवारी तळ्यावर बघू."

१५ मार्च, शनिवार

पहाटे पाचला तळ्यावर गेलो. मी पहिल्यांदा. पाण्यावर वाफ होती. ही पेटीवर बसली, काठी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने अशी पुढे सरकवली की पाण्याला कळलंही नसेल. मी बायकांना फार चालताना, बसताना पाहिलंय. कपडा कसा पडेल ते बघावंच लागतं. पण इतकं निवांत बसलेलं माणूस पाहिलेलं आठवत नाही. हीच घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

पहिला मासा लागला आणि सुटला. दुसरा सुटला. तिसरा पाण्याबाहेर उडाला आणि सुटला.

"काय झालं?"

"ओठ फाटतायत."

"माझ्यामुळे?"

तिने काठी आडवी ठेवली. "अहो, तुम्ही काठीला पँट चढवलीत."

मग मला कळलं, आणि कान तापले. पँटीचं इलॅस्टिक घसरू नये म्हणून असतं. त्याचं काम धरून ठेवणं. याचं काम सोडणं. पाऊण माप मला कुणी सांगितलं नव्हतं; माझ्या हातानेच घेतलं. दोन्ही इलॅस्टिकं वाया गेली, सकाळ वाया गेली, आणि निवडीला पंधरा दिवस.

"चूक माझी," ही म्हणाली. "मंगळवारी बघूनच कळलं होतं मला. तेव्हाच सांगायला हवं होतं."

कळलं होतं तर सांगितलं का नाही, हे विचारायचं राहून गेलं. पण चूक अशी चटकन स्वतःकडे घेणारं गिऱ्हाईक मला एकतीस वर्षांत भेटलं नाही.

१६ मार्च, रविवार

सहाला जाग आली. उठून बसलो टेबलाशी.

नवीन इलॅस्टिक. या वेळी पूर्ण लांब ठेवलं आणि उलटं निघालो. कडी हातभर ओढायची, हळू परत येऊ द्यायची. इलॅस्टिक सैल असेल तर कडी टोकाशी येऊन लोंबत राहते, दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी. मग गाठ सोडायची, बोटभर कमी करायचं, पुन्हा बांधायचं. पुन्हा लोंबली. पुन्हा सोडायचं.

बाराव्या गाठीला जीभ अर्धी आत गेली. सतराव्या गाठीला कडी अगदी सावकाश आली आणि टोकाला टेकली. टक्. मी पुन्हा ओढली. टक्. ही आतून म्हणाली, "हं."

तिला स्वयंपाकघरातून ऐकू आलं! मला ती 'टक्' माझ्या नाकासमोर जेमतेम ऐकू येत होती.

१९ मार्च, बुधवार

दुसरी काठीही झाली. अकरा गाठी.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर ही खिडकीशी बसून गळ बांधत होती. केसाएवढा दोरा, तांदळाएवढा गळ. प्लॅस्टरमधून बाहेर आलेलं एक बोट आणि अंगठा, बस. सात वेढे, ओढ, दातांनी तोड, पुढचा. मी दारात उभा होतो तेवढ्यात चार झाले. मला पाहून तिने ते चटकन डबीत टाकले.

मोडलेल्या हाताने इतकं नाजूक काम. मी असतो तर हात गळ्यात अडकवून सगळ्यांना हाका मारत बसलो असतो. इलॅस्टिकच्या गाठीला मात्र जोर लागतो. ते तिला एकटीला जमलं नसतं. बरं झालं मी घरी आहे.

२२ मार्च, शनिवार

आज काज केलं.

मऊ इलॅस्टिकची अडचण अशी की मोठा मासा त्याला जुमानत नाही, तळ्याच्या पलीकडे निघून जातो. म्हणून खालचं बूच काढून इलॅस्टिकचं टोक काठीच्या बाजूच्या भोकातून बाहेर आणायचं आणि त्याला मणी बांधायचा. गरज पडली तर मणी ओढायचा, की आतलं इलॅस्टिक आखडतं. भोक पाडणं सोपं. कडा गुळगुळीत ठेवणं कठीण. मी कडेभोवती रेशमाचा धागा काजासारखा बसवला आणि वरून सरस लावला.

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई हिच्या हाताची चौकशी करायला आल्या. याही निवडीला आहेत. हिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि गेल्या वर्षी पाचव्या. टेबलावरची काठी उचलून त्यांनी दात बघावा तसं भोक पाहिलं, उजेडाकडे तिरकं करून.

"ताई, ही कड कुणी घासली?"

"ह्यांनी." आणि ही चहा ठेवायला आत गेली. चहाला पाऊण तास लागला. तोवर डॉक्टरीणबाईंनी मला गाठीचं विचारलं, रेशमाचं विचारलं, टोक कापायचं विचारलं. मी सांगत गेलो. त्या गेल्यावर वाटलं, प्रतिस्पर्ध्याला इतकं सांगायला नको होतं.

"सगळं सांगितलंत?" हिने विचारलं.

"चुकलंच."

"छे, सांगायचं की."

मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच.

२५ मार्च, मंगळवार

काल प्लॅस्टर निघालं. मनगट लहान मुलीच्या मनगटासारखं झालंय. काठी दहा मिनिटं धरली आणि खाली ठेवली. घाम पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, पण मी पाहिलं.

"नको जाऊ या वर्षी."

"मग हे सगळं कशासाठी केलंत?"

मी काठी पुसून पिशवीत ठेवली.

२८ मार्च, शुक्रवार

तळ्यावर शेवटची चाचणी. सात मासे लागले, सात आले. एक चांगला दोन वीत होता. इलॅस्टिक त्याच्यामागे सरसर गेलं, थांबलं, आणि मग तो वळला. तो वळतो तो क्षण सांगता येत नाही. कपडा पहिल्यांदा अंगावर घालून बाई आरशासमोर वळते, तेव्हा कळतं बसला की नाही. तसं काहीसं.

लेकीचा फोन आला. तिने नेहमीचं विचारलं, दिवसभर काय करता. मी सांगायला लागलो. पाऊण माप कसं चुकलं, सतरा गाठी, काज. बोलता बोलता लक्षात आलं की पलीकडे आवाज नाही.

"हॅलो? तुटला का?"

"नाही, बाबा. बोला ना तुम्ही."

तिला सर्दी झालेली दिसते. मी म्हणालो, वाफ घे.

३० मार्च, रविवार

चौदा जण. चिठ्ठीत हिला सातवी जागा आली, सावलीतली. बघणाऱ्यांनी दोरीमागे उभं राहायचं, बोलायचं नाही. पाच तास. शिट्टीच्या आत जो मासा जाळीत आला तोच वजनात धरायचा.

गळवाला माझ्या शेजारी होता. त्यालाही बोलायचं नव्हतं, त्यामुळे त्याचं अंग दुखत असावं.

ही हळू होती. मऊ इलॅस्टिकने मासा यायला वेळ लागतो. डॉक्टरीणबाईंचे दोन मासे होईपर्यंत हिचा एक. पण हिचा एकही सुटला नाही. तीन तासांनंतर ती प्रत्येक माशामागे मनगट मांडीवर ठेवून थोडं थांबू लागली. मी मोजत होतो: एक मिनिट, दीड, दोन.

"पाचवी-सहावी आहे," गळवाला ओठ न हलवता म्हणाला. "अजून एक बरासा हवा."

शेवटची दहा मिनिटं राहिली होती तेव्हा तो लागला. काठी वाकली नाही, नुसती थरारली, आणि टोकातून इलॅस्टिक बाहेर यायला लागलं. एक हात. दोन. मग मोजता येईना. इतकं बारीक झालं की उन्हात दिसायचं, सावलीत दिसायचं नाही. मला त्यातली एकेक गाठ माहीत होती. मी मनात सगळ्या पुन्हा बांधल्या.

मासा एकदा परतला आणि पुन्हा गेला. घड्याळात तीन मिनिटं. हिचा हात मण्याकडे गेला. ओढला असता तर इलॅस्टिक आखडलं असतं, मासा वेळेत आला असता, किंवा दोरा तुटला असता. बोटं मण्यावर टेकली. मग तिने हात उचलला आणि गुडघ्यावर ठेवला. त्याला जाऊ दिलं.

शिट्टी वाजली तेव्हा तो तळ्याच्या मध्यावर होता. सगळे काठ्या आवरू लागले. ही बसून राहिली. तो आपणहून आला, दमून, आडवा, शिट्टीनंतर चार मिनिटांनी. तिने जाळी खाली धरली. हाताएवढा होता. वजनात धरला नाही. धरला असता तर ती तिसरी आली असती. सहावी आली. नऊ वर्षांनी संघाबाहेर.

तिने मागे वळून दोरीपाशी मला शोधलं. "अहो, बघितलंत? एकदाही हिसका बसला नाही!"

मासा मला दाखवला आणि सोडून दिला.

वजनकाट्यापाशी गळवाला म्हणाला, "ताई, मणी ओढायचा होता. जागा गेली ना."

"गेली."

"मग हसताय काय? मला वाटलं माझंच गणित चुकलं."

येताना मी तिला म्हणालो, इलॅस्टिक दोन बोटं घट्ट ठेवलं असतं तर मासा वेळेत आला असता. माझ्यामुळे गेली. ती रस्त्यात थांबली.

"दोन बोटं घट्ट असतं तर तो पहिल्या झटक्यालाच गेला असता. त्याला हात लावायचा नाही. आहे तसं राहील ते."

माझी समजूत काढत होती. हरलेली ती, आणि समजूत माझी.

३१ मार्च, सोमवार

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई काठ्यांची पिशवी घेऊन दारात. तिसऱ्या आल्या काल. संघाच्या पहिल्या सामन्याआधी पाच टोकं करून हवी आहेत. तशीच, काजासकट.

"मास्तर, वेळ आहे ना तुम्हाला?"

जानेवारीपासून कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी यात नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

"मी तर त्या शनिवारीच आणणार होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई म्हणाल्या, निवड होऊ दे, मग ये. काही झालं तरी ये म्हणाल्या."

साहजिक आहे. निवडीआधी कोण आपलं हत्यार समोरच्याला देईल? एवढा व्यवहार कळायलाच हवा.

मी हो म्हणालो. पाचातली दोन टोकं तपासून पाहिली. गळवाल्याने घाईत कापलेली आहेत, कडेला खर आहे. चिंधी लगेच अडकली. शुक्रवारपर्यंत होतील. त्यांच्या संघातल्या आणखी दोघी विचारत होत्या म्हणे.

ही आत भांडी घासते आहे. डाव्या हाताने, कारण उजवा कालपासून सुजला आहे. मी घासतो म्हटलं तर म्हणाली, तुम्ही तुमचं काम करा. आणि गुणगुणते आहे. नऊ वर्षांची जागा कालच गेली, तीही चार मिनिटांनी, आणि ही गुणगुणते आहे. असं हरता आलं पाहिजे. मला नाही जमायचं.